वचनं पुरवणारी बाई

तिला चर्चच्या मंडळीत कोणी नावाने हाक मारत नसे. सूचीबाई म्हणत. जाड बायबलच्या शेवटी शब्दांची सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पुस्तकात, कितव्या अध्यायात आलाय ते सांगणारी, तशी ही. फक्त हिला पानं उलटावी लागत नसत. पाळकसाहेबांची बायको. नवरा पुढच्या खोलीत रविवारचा उपदेश लिहायला बसला की तिथूनच ओरडायचा, "अगं, ते मेंढरू हरवल्याचं कुठे आहे?" आणि ही दुधावरची नजर न हलवता सांगायची, "लूक, पंधरावा!" "आणि रागवा पण पाप करू नका?" "इफिस, चौथा. सव्वीस!" दूधही उतू जायचं नाही आणि वचनही चुकायचं नाही. नवरा कौतुकाने पाहुण्यांना म्हणायचा, "मी नुसतं तोंड. डोकं आत चुलीशी आहे." पाहुणे हसायचे. तीही हसायची. कौतुक कोणाला कडू लागतं?

ही विद्या तिला लहानपणी चिकटली. तिचे वडील रविवारच्या शाळेत शिकवायचे आणि वचन शोधायची शर्यत लावायचे. मुलांनी बायबल मिटून डोक्यावर धरायचं. वडिलांनी पुस्तक, अध्याय, वचन पुकारायचं. मग पानांची नुसती फडफड, आणि ज्याचं बोट पहिलं वचनावर पडेल तो जिंकला. ही कधी हरली नाही. का, तेही ऐका. बाकीची मुलं बोट ठेवता ठेवता चुकून दोन ओळी वाचून जायची. ही वाचायची नाही. बोट ठेवलं की हात वर. त्या ओळीत काय लिहिलंय, कोणी कोणाला लिहिलंय, लिहिताना त्याच्या पोटात काय तुटत होतं, असले नसते उद्योग करायला शर्यतीत वेळ कुठे असतो? वडीलही विचारायचे नाहीत. बोट बरोबर ना, मग झालं.

मोठेपणी तेच पुढे चालू. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाची सून माहेरी निघून गेलेली, माणसं दारात उभी राहून म्हणायची, "बाई, एखादं वचन द्या." औषधाच्या दुकानात डोकं दुखतंय म्हटलं की गोळी मिळते, तशी ही द्यायची. सुनेची बाजू काय, हे तिने कधी विचारलं नाही. सासू आली होती ना दारात, मग वचन सासूला.

आता मालकांविषयी सांगायला हवं. मालक म्हणजे धुलाईखान्याचे मालक आणि मंडळीच्या पंचांतले पहिले. देवळाचं, म्हणजे चर्चचं, छप्पर त्यांनी घातलेलं. पाळकांच्या घराला रंगही त्यांनीच दिलेला, आणि दिलाय हे कोणी विसरू नये म्हणून घरात शिरताना चौकटीवरून बोट फिरवून म्हणायचे, "रंग टिकलाय हो छान!" बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. मागच्या निवडणुकीआधी धुलाईखान्यामागची झोपडपट्टी उठवून रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता कोणाच्या गाड्यांसाठी, हे आंधळ्यालाही दिसत होतं. झोपडीतले लोक सरकारी कचेरीपुढे धरणं धरून बसले. त्या आठवड्यात मालक चहाला आले आणि पाळकसाहेबांच्या कानाशी लागले. मग पुढच्या खोलीतून आवाज आला, "अगं, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, ते कुठे आहे?" "रोमकरांस पत्र, तेरावा. पहिलंच वचन!" रविवारी त्यावरच उपदेश झाला. महिन्याभरात झोपड्या गेल्या. देवळातले त्यांचे मागचे दोन बाक रिकामे पडले, तेव्हा सूचीबाईला वाटलं, लांब राहायला गेले असतील बिचारे, येणं जमत नसेल. बिचारे म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.

असो. दुसऱ्याच्या घरावरून गाडी गेली की आपल्याला नुसता आवाज येतो. तिच्या घरावरूनही एकदा गेली.

तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी तिच्याकडे राहायची. बहीण गेल्यावर ही भाची मावशीकडे आली आणि मावशीचीच झाली. पाळकसाहेबांना काका म्हणायची, जेवताना त्यांच्याशी वाद घालायची, आणि मालकांच्या धुलाईखान्यात कामाला जायची. तिथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन झाल्या की एका लांबलचक तापलेल्या रुळाखालून सरकवतात. दोघी बायकांनी चादरीची दोन टोकं धरायची आणि ती ताणून रुळाच्या तोंडाशी द्यायची. त्या तोंडाच्या अलीकडे एक आडवी दांडी असते. बोटं तिला लागली की रूळ जागच्या जागी थांबतो. दांडी असते ती बोटं वाचवायला. पण गोळा झालेली चादर लागली तरी ती रूळ थांबवायची, आणि दिवसातून सतरा वेळा काम अडायचं. मालकांनी एके सकाळी दांडी तारेने वर बांधून टाकली. म्हणाले, "नीट लक्ष दिलं तर दांडी कशाला लागते?"

मग एक दिवस चादरीबरोबर भाचीचा उजवा हात आत गेला. त्याचं वर्णन नको. बोटं राहिली, पण बोटांसारखी राहिली नाहीत. मालक इस्पितळात वॉर्डाच्या दारापर्यंत आले आणि तिथूनच परतले. आतला वास सोसत नाही म्हणाले.

इस्पितळातून सुटल्यावर भाचीने कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन तक्रार केली. मागणी एकच, दांडी खाली आणा. कारण रूळ चालूच होता. तिच्या जागी एक नवी मुलगी उभी केली होती, आणि तिला ती दांडी कशासाठी असते हेही कोणी सांगितलेलं नव्हतं. तपासनीसाने भाचीला आणि मालकांना सोमवारी समोरासमोर बोलावलं. भाची तक्रारीला धरून राहिली तर तो जाऊन रूळ बघणार. तिने तक्रार मागे घेतली तर कागद मिटला, दांडी जिथे बांधली तिथेच.

शुक्रवारी संध्याकाळी मालक फळांची करंडी घेऊन हजर. करंडीला वर रिबीन. आत स्वयंपाकघरात सूचीबाई भाचीसाठी पावाचे तुकडे करत होती, कारण भाचीला एका हाताने पाव तोडता येत नव्हता. पुढच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

"पाळकसाहेब, आपण एक कुटुंब," मालक म्हणत होते. मधेमधे बिस्कीट चहात बुडवून चोखल्याचा आवाज. "मुलगी मला लेकीसारखी आहे हो. पण घरातलं भांडण असं चव्हाट्यावर न्यायचं? तो तपासनीस कोण, कुठला, देवाला न मानणारा माणूस. त्याने आपल्या घरात नाक खुपसायचं? रविवारी यावर दोन शब्द बोला. तुमचं ती ऐकेल."

"खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. प्रेषित पौलानेच आपल्या पत्रात लिहून ठेवलंय तसं, असं काहीतरी पुटपुटले, आणि मग नेहमीचा आवाज आला, "अगं! भावाने भावाला परक्यांच्या न्यायासनापुढे खेचू नये, ते कुठे आहे?"

"करिंथकरांस पहिलं, सहावा!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हातातल्या सुरीखाली पाव अर्धा कापलेला, आणि समोर भाची. भाचीने मावशीकडे बघितलं. बाहेर मालक खूश झाले, "वा, वा! घरात अशी सूची असली की पाळकाला कसली चिंता!"

सूचीबाई सुरी टाकून उठली. मोरीपाशी गेली आणि खरोखर ओकली. भाचीने डाव्या हाताने तिची पाठ चोळली. ज्या मुलीच्या दुःखात आत्ताच भर टाकली, ती पाठ चोळतेय! सूचीबाईला स्वतःच्या जिभेचीच किळस आली. पाणी घेऊन चूळ भरली, पुन्हा भरली, तरी तोंडाची चव जाईना.

शनिवारी सकाळी नवरा बाहेर गेल्यावर तिने बायबल घेतलं आणि करिंथचं पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. बोट कुठेच ठेवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते पत्र तिने पत्रासारखं वाचलं, म्हणजे कोणीतरी रागावून, जीव तुटून, ओळखीच्या माणसांना लिहिल्यासारखं. सहाव्या अध्यायाशी आली आणि थबकली. पौल तिथे मार खाल्लेल्यांना गप्प बसवत नव्हता. तो त्या मंडळीची लाज काढत होता. अरे, भावाभावांतला तंटा सोडवायला तुमच्यात एकही शहाणा माणूस नाही? तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना! हे सगळं त्याच पानावर, मालकांच्या लाडक्या ओळीच्या अगदी खाली. तिला रोमकरांच्या पत्रातला तेरावा अध्यायही आठवला. झोपड्या उठवायच्या तेव्हा सरकार देवाने नेमलेलं. दांडी तपासायला आलं की तेच सरकार नास्तिक! माणूस तोच, पुस्तक तेच, आणि दोन्ही वेळा पान काढून देणारी बया तीच. तिला वाटलं, खिसेकापूसुद्धा बरा, तो निदान खिशातलं देवाच्या नावाने नेत नाही.

पण एक गोष्ट तिला टोचत राहिली. सातव्या वचनात पौल खरंच विचारतो, त्यापेक्षा तुम्ही अन्याय सोसत का नाही? ती ओळ होती. कितीही डोळे चोळले तरी होती. आपल्याला नको म्हणून ती पुसायची, तर मग मालकांत आणि आपल्यात फरक काय?

दुपारी जेवायला बसल्यावर तिला राहवलं नाही. भात वाढता वाढता तिने नवऱ्याला विचारलं, "आठवं वचन पण वाचणार ना उद्या? तुम्हीच अन्याय करता, ते?"

"विषय न्यायालयात जाण्याचा आहे," पाळकसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला पाठीशी वचन लागतं. "आणि क्षमा? सत्तर वेळा सात?"

"मत्तय, अठरावा. त्याच अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधा असंही आहे."

"ते वेगळं."

"मग जुना करार, अनुवादाचं पुस्तक, बावीस, आठ. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा कर, नाहीतर वरून पडणाऱ्याचं रक्त तुझ्या घरावर."

"अगं, ते गच्चीबद्दल आहे! यंत्राबद्दल नाही."

"मग पत्र तरी करिंथला लिहिलंय! तुमच्या गल्लीला नाही!"

"याकोब काय म्हणतो, जिभेबद्दल?"

"याकोब मालकांबद्दल काय म्हणतो ते सांगू? पाचवा अध्याय..."

"पुरे!" भाची म्हणाली. ताटात भात तसाच. "माझ्या हातावर बसून पत्ते खेळताय तुम्ही दोघं. हा घे एक्का, हा घे राजा. मावशी, तूसुद्धा!"

पाळकसाहेब घास चघळत भिंतीकडे बघत राहिले, मग हात धुऊन पुढच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. सूचीबाईला नवऱ्याचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. आपण मुलीच्या बाजूने भांडतोय असं वाटत होतं, आणि करत काय होतो, तर तीच जुनी शर्यत. बोट ठेव आणि हात वर.

"मी सोमवारी तक्रार मागे घेणार आहे," भाची म्हणाली.

"त्या माणसाला घाबरून?"

"त्याला कोण घाबरतं! थुंकते मी त्याच्या करंडीवर." भाचीचा आवाज खाली आला. "पण सहावा अध्याय मीही वाचला, मावशी. काल रात्री तू झोपल्यावर. अन्याय सोसा असं म्हटलंय तिथे. तू सोयीचं तेवढं घेशील, काका सोयीचं तेवढं घेतील. मी का घेऊ? मला ते जमेल. हात तर गेलाच आहे. सोसते मी. ख्रिस्ताने सोसलं नाही?"

आता बोला. मालकांशी भांडता येतं, नवऱ्याला टोमणे मारता येतात. पण ही मुलगी मनापासून आज्ञा पाळायला निघाली होती, आणि तिच्या या चांगुलपणावर मालकांचा रूळ फिरत राहणार होता. सूचीबाईला एकदम दिसलं की सगळ्या घाणीत घाण ही आहे. चोराने देव्हाऱ्यातलं भांडं न्यावं तसं या माणसाने मुलीत जे सगळ्यात चांगलं होतं नेमकं तेच उचललं. आणि या वेळी तिच्या जिभेवर एकही वचन आलं नाही. तिने ताटं बाजूला सारली. मग पुस्तक आणून दोघींच्या मध्ये ठेवलं.

"वाच," ती म्हणाली. "सावकाश. आणि प्रत्येक ओळीला विचार, हे कोण सोसणार आहे."

भाचीने वाचलं. सातव्या वचनाशी आली. "तुम्ही सोसत का नाही?"

"कोणी सोसायचं?"

"तुम्ही. म्हणजे... ज्याचा तंटा आहे त्याने."

"ज्याचं नुकसान झालं त्याने. स्वतःचं. तुझा हात तुझा. तू म्हणालीस मी सोसते, मी तुला अडवणार नाही, रडेन फक्त. पण मला एक सांग, सोमवारी त्या रुळापुढे कोण उभं राहणार आहे?"

भाचीने ओळीवरचं बोट उचललं.

"ती नवी. तिचा हात आहे तिथे. तिने सोसायचं ठरवलंय का? तिला विचारलंस? दुसरीवरचा अन्याय आपण सोसत नसतो गं, तो आपण होऊ देतो. त्याला पौल सोसणं म्हणत नाही, आणि मीही त्यासाठी वचन शोधून देणार नाही. सोसणं आणि होऊ देणं, दोन्ही दिसायला सारखंच दिसतं, म्हणून तर असल्या माणसांचं फावतं."

"मग क्षमा?"

"कर की. मनात येईल तेव्हा कर. क्षमा केल्याने दांडी खाली येते का?"

भाचीने पुस्तक मिटलं. संध्याकाळी ती एकटीच नव्या मुलीच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला. सहा वचनं वाचली, सातवं दोनदा वाचलं, आणि आठव्याच्या आधी पुस्तक मिटलं. सूचीबाई पहिल्या बाकावर बसून नवऱ्याच्या त्या मिटणाऱ्या हाताकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या हाताची तिला कधी शिसारी आली नव्हती. त्या दिवशी आली. घरी आल्यावर तिने जेवण वाढलं आणि शांतपणे सांगितलं, "यापुढे तुमचं तुम्ही शोधा. पुस्तक मोठं आहे, वाचतच जावं लागेल. बरंच होईल."

"रागावलीस?"

"रागावले असते तर बरं होतं. मला तुमची किळस आलीय, आणि माझीही. जेवा, भात गार होतोय."

पाळकसाहेब जेवले नाहीत.

सोमवारी कचेरीत भाची तक्रारीला धरून राहिली. मालकांनी तिथेही आपण सारे एक कुटुंब हे पालुपद लावलं. तपासनीस बुटका, सर्दी झालेला माणूस. नाक पुसत त्याने एवढंच विचारलं, "ठीक आहे. मग कुटुंबात हे ऐकायला कोणी बसलं होतं का? हिला कोणी विचारलं, काय झालं म्हणून?" मालकांनी सोबत आणलेल्या पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही." त्यांनी निदान खोटं सांगितलं नाही, एवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. तपासनीस दुपारीच धुलाईखान्यात गेला, तार बघितली आणि रूळ बंद केला. दांडी खाली येऊन नीट चालेपर्यंत बंद. आठवड्याने दांडी खाली आली. भाचीला कामावर परत घेतलं नाही. जागा भरलीय म्हणाले.

इथे गोष्ट संपली असती तर निदान सरळ तरी झाली असती. पण अशी माणसं हरलेली लढाईसुद्धा आपल्या नावावर लावून घेतात. काही रविवारांनी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे ज्याला देवाने काही चांगलं दाखवलं त्याने उठून सांगायचं. मालक उठून व्यासपीठाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पाणावलेले डोळे. म्हणाले, प्रभूने माझ्या अंतःकरणाला स्पर्श केला. माझ्या कामकरी बहिणींच्या सुरक्षेचं ओझं त्याने माझ्यावर ठेवलं, आणि मी यंत्रावर नवी दांडी बसवून घेतली.

"आमेन!" पुढच्या बाकांवरून आलं.

सूचीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी दांडी! जुनीच, तार सोडून खाली आणलेली, आणि तीही सरकारने कान धरल्यावर! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचं कीर्तन पहिल्यांदाच ऐकलं. उठून बोलावं म्हणून तिने बाकाचा कठडा धरला, तोवर मालकांची पुढची उडी झाली.

"आणि आज मला मनातली अढी काढायची आहे. आपल्यातल्या एका बहिणीने मला दुखावलं. मी तिला क्षमा केली आहे. ये मुली, सगळ्यांसमोर हात मिळवू."

मालकांनी तिला क्षमा केली! देवळात कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मालक दोन पायऱ्या खाली उतरले, आणि आपला स्वच्छ, गुबगुबीत उजवा हात पुढे करून उभे राहिले. पाळकसाहेब व्यासपीठावर, तोंड उघडं. सूचीबाई पुटपुटली, "जाऊ नकोस गं." पण भाची उठली होती.

ती मधल्या वाटेने पुढे गेली. मालकांसमोर थांबली आणि डाव्या हाताने उजव्या हातावरचा रुमाल सोडला. बरी झाल्यापासून तो हात तिने घराबाहेर कधी उघडा नेला नव्हता. कातडी ताणून चकचकीत झालेली, लालभडक, बोटं एकमेकांना ओढून आत वळलेली, नखांच्या जागी नुसत्या खळग्या. तिने तो हात मालकांच्या हातासमोर धरला.

मालकांनी तो पहिल्यांदाच बघितला. धुलाईखान्यात त्या दिवशी ते वरच्या खोलीत होते, इस्पितळात दारातून परतले होते, आणि कचेरीत हात रुमालात होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण वरचा ओठ किळसेने मुरडला. हात मागे गेला. नकळत गेला, विस्तवावरून जावा तसा. आणि मग, काहीही लागलेलं नसताना, त्यांनी तो शर्टाला पुसला.

अख्ख्या मंडळीने ते बघितलं.

"बहीण म्हणालात ना?" भाची म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. हात तसाच पुढे. "मग धरा की."

मालकांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी सवयीने पहिल्या बाकाकडे बघितलं. सूचीबाई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तिच्या हाताकडे बघा." आणि त्यांनी बघितलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटासमोर रोज असलेला हात. व्यासपीठावर उभ्या उभ्या त्या माणसाचा चेहरा वाकडा झाला, आणि तो सगळ्यांदेखत रडायला लागला.

मालक अजून शर्टाला हात पुसत होते. मागच्या बाकांवर धुलाईखान्यातल्या बायका बसतात. त्यांच्यातून कोणीतरी, बहुतेक ती नवी, मोठ्यांदा म्हणाली, "शी!"

ते भाचीच्या हाताला नव्हतं.